नुसतं बसायची नोकरी

इस्लामपुरात असताना मी दोन नोकऱ्या करत होते. एक टेलिफोन खात्यातली. तिला ऑर्डर होती, पगार होता, रजा होत्या. दुसरी नोकरी आक्कांजवळ बसायची. हिच्याबद्दल मी फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, तिथं तू नक्की करायचीस काय? मी म्हणते, काही नाही, बसायची. मग त्यांना वाटतं, मी सांगायचं टाळतेय.

आक्का माझ्या घरमालकीण. पन्नाशीच्या अलीकडच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. चालणं असं, की पुढून एकजण बोलावतोय आणि मागून दुसरा. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची, त्यांच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. नवरा फौजेत होता, तो आजारानं गेला. मागं जे पैसे मिळाले त्यात म्हैस घ्यावी की सोनं, यावर भावकीत चर्चा चालू असताना आक्का परस्पर गेल्या आणि डंक घेऊन आल्या.

डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. लोखंडी उखळ आणि त्यात विजेवर वरखाली होणारी मुसळं. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला. उन्हाळ्यात एकदा करायचा आणि वर्षभर पुरवायचा. बायका घरी मिरच्या, धने, खोबरं भाजतात, डबे भरून डंकावर येतात आणि आपली चटणी कुटून होईस्तोवर तिथून हलत नाहीत. प्रत्येक घरचं माप वेगळं, चव वेगळी. आपल्यात दुसऱ्याचं चिमूटभर यायला नको आणि आपलं दुसरीकडं जायला नको. नवरा घटकाभर नजरेआड झालेला चालतो, चटणी नाही.

तर असा हा वेळेचा आणि नंबराचा धंदा, आणि तो करायला आक्का! म्हणजे कमालच होती. काही घरचं भाजायचं कामही त्यांच्याकडंच असायचं; सकाळी धने भाजायला घेतले की त्यांना आठवायचं, चाळणीची कड सुटलीय. ती आणायला माडीवर गेल्या की तिथं रेडिओ उघडून बसायच्या, कारण तो परवापासून खरखरत होता. खाली धन्यांचा कोळसा. वास आला की गल्लीतली कुठलीही बाई आपल्या घरातूनच ओरडायची, "आक्काऽ, धनं!" आणि आक्का एका हातात रेडिओचं पोट घेऊन जिन्यावरून धावत यायच्या.

लक्षात ठेवण्यासाठी पदराला गाठ मारायची त्यांची सवय होती. ती बऱ्याच बायकांना असते, पण आक्कांच्या पदराला दुपारपर्यंत इतक्या गाठी व्हायच्या की पदर खांद्यावर पुरायचा नाही. मग मी ड्यूटीवरून आले की एकेक गाठ पुढं करून विचारायच्या, "ही कशाची गं, बाय? ही मोठी हाय, म्हंजी काम मोठं असणार." मी म्हणायची, "मला कसं माहीत असेल, आक्का?" त्यावर म्हणायच्या, "तुला न्हाई, मला न्हाई, मंग सोडूया." आणि गाठ सोडून मोकळ्या व्हायच्या. इतक्या मोकळ्या, की मला हेवा वाटायचा.

घड्याळ डंकाच्या खोलीत होतं, चालूही होतं, पण त्यांना ते पटत नसे. एकदा मी म्हटलं, जरा घड्याळ बघून करा. तर म्हणाल्या, "घड्याळाकडं बघायचं ध्यानात ऱ्हायलं असतं, तर घड्याळ कशाला लागलं असतं?" त्यांना वेळ लागायची ती आपणहून चालून येणारी. गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या, शाळा सुटल्यावर या, किंवा पोस्टमन वरच्या आळीला गेला की या. साखर कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचा फार भरवसा होता, पण वारा इकडचा असला तरच तो ऐकू यायचा, आणि वारा काही त्यांच्या धंद्यात भागीदार नव्हता.

माझ्या भाच्याला अलीकडं पुण्याच्या डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचं सांगितलं. घरातले सगळे तोंडं पाडून बसले होते. डॉक्टर एकेक लक्षण समजावत होते आणि मी मनात म्हणत होते, आक्का... आक्का... ही तर आक्काच! नव्वदच्या दशकात इस्लामपुरात त्याला एवढं लांबलचक नाव नव्हतं. येंधळी म्हणायचे.

पण येंधळी म्हणणाऱ्यांनी आक्कांना कामाच्या घाईत पाहिलं नव्हतं. एकदा ऐन गर्दीत एका बाईचा पदर मोटारीच्या पट्ट्यात गेला. आम्हा सगळ्याजणींना किंचाळायलासुद्धा सुचलं नाही, तोवर आक्कांनी खटका पाडून, पदर विळीनं कापून, बाईला पाणी पाजलं होतं. मुसळाचा आवाज ऐकून त्या पाठमोऱ्याच सांगायच्या, "झाली, काढा." नवऱ्याच्या जुन्या शिलाई मशीनचं पायडल त्यांनी मोठ्या चाळणीला जोडलं होतं, पायानं हलवलं की चटणी भराभर चाळून व्हायची. ते बघायला पेठेतून लोक यायचे. पायडल जोडायचा तो दिवस त्यांनी सकाळपासून तहानभूक विसरून घालवला, आणि त्या दिवशी बोलावलेली सगळी गिऱ्हाइकं उन्हात ताटकळून घरी गेली, तेही खरंच.

त्यांचे दीर त्याच घराच्या पुढच्या सोप्यात राहायचे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. ते सायकलवर टांग टाकताना दिसले की गल्लीतल्या बायका कुकर लावायच्या, इतके वेळेचे पक्के. घर दोघांच्या नावावर, आणि डंकाची खोली नेमकी रस्त्याच्या तोंडावर. तिथं कुणाकुणाला दुकान हवं होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की ते आधी दिरांच्या दारात थांबायचं, कारण आक्का सापडतीलच असं नसायचं. माणूस वाईट नव्हता. पण दारात रोज कुणी ना कुणी शिंकत, भांडत उभं, म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल.

ज्या दिवसापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. डंकावर दोघीजणी होत्या. एक बागायतदार घरातली, तिचा मुलगा फौजेत, दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीवर जायचा होता आणि त्याच्या पेटीत चटणी जायची होती. दुसऱ्या बौद्ध वस्तीतल्या अंगणवाडीच्या बाई. पहिलीची अर्धी चटणी उखळात असतानाच वीज गेली. दोघी सावलीला समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रसवंतीचा गाडा आला, आणि उसाचं ते दोन रुळांमधून पिळून निघणं बघून आक्कांच्या डोक्यात मिरच्यांचे देठ काढायचं यंत्र उभं राहिलं. त्या गाडेवाल्याजवळ रमल्या. वीज आल्यावर पळत आल्या त्या रूळ डोक्यात घेऊनच, आणि हाताला लागला तो डबा उखळात रिकामा केला.

"आगं बया बया! त्यो माझा डबा न्हवं! त्यांचा हाय!" फौजीची आई ओरडली. मुसळं थांबेपर्यंत दोन्ही घरांची चटणी एक झालेली होती.

मग ती बाई जे बोलू नये ते बोलली. "कुनाची कुनात घातलीस गं? ही आमच्या घरात चालंल व्हय?" तिला काय म्हणायचं होतं ते गोळा झालेल्या सगळ्याजणींना कळलं. सगळ्या माना खाली घालून उभ्या. अंगणवाडीच्या बाई मात्र उखळाजवळ गेल्या, आत वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मलाबी कुटं त्यांची पायजे? आक्का, त्यांची त्यान्ला काढून द्या, माझी मला द्या. येतीया का बगा निवडून."

उखळात सगळं लालच लाल होतं.

आवाज ऐकून दीर आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, ते हळू बोलले याचीच मला भीती वाटली. "वैनी, आता बास. आणिक एक तक्रार माझ्या दारात आली, की डंक विकायचा आणि खोली एसटीडी बूथला द्यायची. माणूस बघून ठेवलाय मी." आक्का म्हणाल्या, "दोघींची बी आजच्या आज नवी करून देती." दीर म्हणाले, "तुमी?" आणि हसले. ते हसणं आक्कांना फार लागलं. डंक गेला तर आक्कांना दुसरं काही नव्हतं. म्हणजे पेन्शन होती, खायला मिळालं असतं. पण सगळ्यांनी येंधळी म्हटलेल्या बाईनं स्वतःच्या डोक्यानं उभी केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

आक्का बाजारातून दोन्ही घरच्या मापानं मिरच्या आणि बाकीचं सामान घेऊन आल्या. मी सकाळची ड्यूटी संपवून आलेली, पाय दुखत होते, म्हणून पत्र्याचा डबा उपडा घालून त्यांच्याजवळ टेकले. हातात कालचा पेपर होता. आक्का देठ काढत होत्या. काढत राहिल्या. मी पेपर वाचून संपवला तरी त्या जागच्या उठल्या नव्हत्या. मला नवल वाटलं. मी पाणी प्यायला घरात गेले आणि परत येते तर आक्का गायब! बाहेर कुणाच्या तरी सायकलची चेन बसवत होत्या. त्यांना हाताला धरून आणलं, मी डब्यावर बसले, की पुन्हा देठ सुरू.

त्यांच्याही ते लक्षात आलं. हातातली मिरची तशीच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. "बाय, तू हाईस तवर मी हितं हाय," त्या म्हणाल्या. "तू उठलीस की मी बी कुटंतरी जाती. हे काय गं?"

मला तरी काय माहीत असणार? मी बसून राहिले. भाजणं झालं, कुटणं झालं, चाळणं झालं. दिवेलागणीला दोन डबे दोन घरी पोचते झाले. फौजीच्या आईनं डबा घेतला आणि आत गेली. अंगणवाडीच्या बाईंनी आक्कांना चहा पाजला. मिसळलेली चटणी आमच्याकडंच राहिली. ती आम्ही दोघींनी वर्षभर खाल्ली आणि तिच्याइतकी चांगली चटणी मला नंतर मिळाली नाही.

तेव्हापासून माझं ठरून गेलं. ड्यूटी संपली की डंकावर बसायचं, बदल्यात आक्कांकडं जेवायचं. बसायचेही नियम होते. मी पहिल्या उत्साहात मिरच्या निवडू लागले तर म्हणाल्या, "तू हात लावू नगंस. तू कराय लागलीस की मला वाटतंय झालंच काम." फार बोलायचं नाही. लक्ष ठेवल्यासारखं तर मुळीच बघायचं नाही. शेजारच्या काकूंना एकदा बसवून बघितलं, त्या एकसारख्या "आवं आक्का, तिकडं करपंल, तिकडं बगा" करत राहिल्या आणि आक्का वैतागून बाजारातच निघून गेल्या. माणसानं आपलं आपलं काहीतरी करत बसावं, पण असावं. मी स्वेटर विणले, वाचनालयातली जाडजाड पुस्तकं संपवली, कधी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. मी झोपले तरी त्यांना चालायचं, उठून गेलेलं मात्र चालायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एकही तक्रार आली नाही. दीर एवढंच म्हणाले, "यंदाचं झालं. फुडच्या सालाचं फुडच्या साली." पुढच्या सालीही मी होते. त्याच्या पुढच्याही. आक्कांनी मुंबई-पुण्याला गेलेल्या लोकांसाठी चटणीची पाकिटं सुरू केली, खंडाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं माल ठरवला. मला आपण फार मोठं काही करतोय असं कधी वाटलं नाही. मुसळांचा धडधडाट, डोळ्यांत पाणी आणणारा ठसका, आणि आक्कांचं मध्येच मान वर करून मी आहे ना बघणं, आणि पुन्हा मान खाली घालणं. सुखात असताना ते कळत नाही म्हणतात, मला तर ते कळतही होतं.

मग माझं लग्न ठरलं आणि मी साताऱ्याला बदली मागून घेतली. आक्कांना सांगायला मी आठवडाभर तोंड उघडलं नाही. सांगितलं तेव्हा त्या खोबरं किसत होत्या. हात थांबला नाही. "कवा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "मग इथं बसायला कोण?" तर म्हणाल्या, "तू काय जलमभर माझ्या डब्यावर बसणार व्हय? संसार कर जा."

निघायच्या दिवशी त्या स्टँडवर आल्याच नाहीत. मला माहीत होतं, निघाल्या असतील आणि वाटेत काहीतरी दिसलं असेल. तरी गाडी हलली तेव्हा वाईट वाटलं. पेठ नाक्याला गाडी थांबली, तर एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून आक्का उतरल्या, केस विसकटलेले, पदराला गाठच गाठ. गाडीत चढून त्यांनी चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, माझ्या तोंडावरून हात फिरवला. कंडक्टर म्हणाला, "आवं मावशी, तिकीट काढा न्हाईतर उतरा." त्या उतरल्या. काय बोलायचं ते राहूनच गेलं असणार, कारण खाली उभ्या राहून त्या एकेक गाठ चाचपत होत्या.

साताऱ्यात मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. उन्हाळा येणार, आक्का एकट्या, आणि दिरांच्या दारात तक्रार. पण उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी दुपारी आमच्या घरचा फोन वाजला. आक्कांनी डंकाच्या खोलीत फोन घेतला होता. खुशालीचं चार वाक्यांत आटोपलं आणि म्हणाल्या, "आता बोलू नगंस. नुसता कानाला धर. फोन माझ्याजवळ ठिवलाय." मग देठ तुटल्याचे बारीक आवाज. थोड्या वेळानं चाळणीचा खसखसाट. मी उभ्यानं ऐकत राहिले. नवऱ्यानं खुणेनं विचारलं, कोण? मी खुणेनं सांगितलं, आक्का. काय म्हणतात? काही नाही.

दर रविवारी असंच. घरातल्यांना आधी गंमत वाटली, मग काळजी, आणि मग सवय झाली. फोनचं बिल कुणाला परवडावं? पण आक्का म्हणायच्या, आठवड्याचं नाजूक काम रविवारी उरकलं की बाकीचे दिवस कसेही रेटता येतात. मी लसूण सोलायची ती फोन मानेत धरून. खरं सांगायचं तर त्या दुपारची वाट आक्कांपेक्षा मीच जास्त बघायची. नव्या घरात सगळं चांगलं होतं, पण मी आत आले की प्रत्येकाला मला सांगायचं काहीतरी काम आठवायचं.

दोन-तीन वर्षांनी फोन कमी झाले. मग थांबले. मी केला तर कुणी उचलायचं नाही. उन्हाळा ऐन भरात होता आणि मला नाही नाही ते सुचायला लागलं. डंक विकला असेल. खोलीत बूथ झाला असेल आणि आक्का मागच्या सोप्यात हातावर हात ठेवून बसल्या असतील. शेवटी रजा टाकली आणि इस्लामपूर गाठलं.

गल्लीत वळले तोच मुसळांचा आवाज आला. जीव भांड्यात पडला. डंकावर रांग होती, डबे ओळीनं मांडलेले. आक्का केस पांढरे झालेल्या, पण तशाच ताठ, चाळणीवर पाय चालवत होत्या. आणि त्यांच्याजवळ आरामखुर्ची टाकून दीर बसले होते. तोंडापुढं पेपर.

मला बघून आक्का उठल्या, कुशीत घेतलं, ओरडून सगळ्या रांगेला सांगितलं, "माझी बाय आली साताऱ्यासनं!" चहा झाला. कळलं ते असं. दीर रिटायर झाले आणि पहिल्याच महिन्यात खचले. सकाळी सायकल काढायचे, पुसायचे आणि आत ठेवायचे. त्यांना वेळ जात नव्हता आणि आक्कांना वेळ पुरत नव्हता. एक दिवस नुसते येऊन बसले, कुणी बोलावलं नव्हतं.

"भांडत नाहीत?" मी हळूच विचारलं.

"आगं, पेपर वाचत्यात, डुलक्या काढत्यात. तक्रार कराय कुणी आलं तर त्यालाच बोलत्यात," आक्का हसून म्हणाल्या. दीर पेपराआडून म्हणाले, "मी बसलोय म्हणून चाललंय सगळं. विचारा ह्यान्ला." आक्का म्हणाल्या, "व्हय तर!" आणि मान खाली घालून कामाला लागल्या.

मी म्हटलं, "मग आता फोन नको?"

"आता कशाला, बाय? आता हायती की हे. घंटा बी मुसळांत ऐकू येत न्हाई." त्यांनी ते इतक्या आनंदानं सांगितलं, की मीही हसले. मला बसायला त्यांनी चांगली खुर्ची आणून दिली होती, पाहुणीला देतात तशी. मी तासभर बसले. आक्कांनी मान वर करून एकदा दिरांकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

परतीच्या गाडीत कराड सुटल्यावर मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण आजारी आहे का? मी म्हटलं, नाही हो, सगळं छान आहे. छानच होतं. डंक वाचला होता, आक्का सुखात होत्या, याहून मला दुसरं काय हवं होतं? तरीही रडू थांबेना, आणि त्याची मला लाज वाटत होती.

त्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात लसूण सोलायला घेतला आणि हात चालेना. बाहेर नवरा पेपर वाचत होता. मी हाक मारली, "जरा इथं येऊन बसता का?"

तो आला. दारातच उभा राहिला. "काय करायचंय?"

"काही नाही. नुसतं बसा."

तो स्टुलावर बसला. इकडं तिकडं बघितलं. लसणाच्या पाकळ्या बघितल्या. मग म्हणाला, "काही काम नाही ना?"

मी म्हटलं, नाही. तो उठला, आणि जाताना माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेला.